रंगाखालची खूण

गोदाम दाखवायला नेलं की माणसं आधी वर बघतात. पत्रा किती उंच आहे, उजेड कुठून येतो, पंखे आहेत का. तरे सर आधी चपला काढायचे. शटर वर गेलं की चपला बाहेर ठेवायच्या, पँटच्या दोन घड्या वर घ्यायच्या आणि अनवाणी सगळ्या कोब्यावरून एक फेरी मारायची, भिंतीच्या कडेकडेने. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याने नवस केलाय. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा म्हटलं, "सर, खिळेबिळे असतील, चप्पल घाला." ते म्हणाले, "ओल पायाला कळते, मनीषा. कॅमेऱ्याला नाही कळत." फेरी पूर्ण झाल्यावरच कॅमेरा पिशवीतून बाहेर यायचा.

तरे सर अंजूर गावचे. भिवंडीतल्या ज्या मराठी शाळेत मी शिकले तिथे त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात पेन कधीच नाही, पेन्सिल. बोलायचे कमी आणि विचारायचे एकच, "नीट बघितलंस का?" हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नसेल असं नाही. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते, तर घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी चांगली आहे. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे, ती त्यांनी कपाट लावून झाकलीय." ते लग्न जमलं नाही. कपाटाची गोष्ट मुलीकडच्यांपर्यंत पोचली आणि त्यांना ती फार लागली.

त्यांच्या वर्गातला एक धडा प्रत्येक तुकडीला मिळायचा. पहिल्याच तासाला समोर एक बाक ठेवायचे आणि म्हणायचे, काढा. मी बसले होते तिथून बाकाचे तीनच पाय दिसत होते. मी चार काढले. सर पाठीमागे येऊन उभे राहिले.

"चौथा पाय कुठून आणलास?"

"सर, असतोच ना बाकाला."

"असतो. तुला दिसतोय का?"

"नाही."

"मग जो दिसत नाही तो काढायचा नाही. तू सुतार नाहीस."

वर्ग हसला. पुढच्या वर्षीचा वर्गही असाच हसला असणार. तालुक्यात आज चाळिशी-पन्नाशीला आलेली कितीतरी माणसं असतील ज्यांना चित्रातलं काही येत नाही, पण तो चौथा पाय पक्का लक्षात आहे. त्यांतला एक दिनूशेठ.

दिनूशेठ माझा मालक. वडपे नाक्याजवळ त्याचं ऑफिस आहे, गोदामं भाड्याने लावून देण्याचं. त्याच्या वडिलांच्या वेळी त्या जमिनीत भात होता, आता पत्रे आहेत. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळते. सर निवृत्त झाले तेव्हा दिनूशेठच त्यांच्या घरी गेला. म्हणाला, "सर, घरी बसून काय कराचा? शाळेच्या गॅदरिंगचे फोटो तुम्हीच काढायचात ना? आता गोदामांचे काढा." हे त्याने मनापासून केलं, ते मी नाकारणार नाही. सर ऑफिसात आले की तो खुर्चीतून उठायचा. पुढे जे झालं ते सगळं त्याने उठून, हात जोडूनच केलं.

तेव्हा आमच्या वेबसाइटवर कोणी फिरकत नव्हतं. फोटो होते, पण मोबाइलमधून निघाले तसेच चढवलेले, नावाच्या जागी नुसते आकडे. मी एक छोटा ऑनलाइन कोर्स केला. त्यात शिकवलं की हल्ली माणसं मजकूर वाचत नाहीत, शोधताना सरळ चित्रं उघडतात आणि चित्रावर बोट ठेवून साइटवर येतात. गोदाम घेणारा तर हमखास तसाच येतो. पण शोधणाऱ्या यंत्राला चित्र आपल्यासारखं दिसत नाही. म्हणून फोटोच्या फाइलला नीट नाव द्यायचं आणि फोटोमागे एक वाक्य लिहून ठेवायचं, आत काय आहे ते सांगणारं. आंधळी माणसं फोन वापरतात तेव्हा फोन त्यांना तेच वाक्य वाचून दाखवतो. आमच्या साइटवर ते वाक्य फोटोखालीही दिसायचं.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आंधळ्याला सांगायचं, समोर काय आहे."

"तसंच काहीसं."

"मग फार जपून लिहायला पाहिजे," ते म्हणाले. "त्याला स्वतः बघून खात्री करता येत नाही."

मी त्यांना कोर्समधल्या शब्दांची यादी दिली होती. बेस्ट गोदाम, बेस्ट रेट, हायवे टच, असले शब्द. ती यादी त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, परत दिली आणि नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. दोन दिवस बसले. येईल त्या ड्रायव्हरला, मुकादमाला विचारायचे, "गोदाम बघायचं तर तुम्ही पहिलं काय विचारता?" तिसऱ्या दिवशी एका वहीत उत्तरं घेऊन आले. बेस्ट कोणीच विचारत नव्हतं. लोक विचारत होते, चाळीस फुटी कंटेनर आत वळतो का. पत्र्यातून गळतं का. रात्री वॉचमन असतो का. हमालांना पाणी कुठलं.

मग सरांनी त्या प्रश्नांचे फोटो काढले. गोदामाच्या तोंडाशी दीड तास उभे राहिले आणि एक कंटेनर वळताना टिपला. मागे लिहिलं, "वडपे येथील गोदाम, चाळीस फुटी कंटेनर एका दमात आत वळताना." दुसऱ्या ठिकाणी, "कंटेनर वळवताना दोनदा मागे घ्यावा लागतो." दिनूशेठचा पुतण्या नव्या मोबाइलमधून रुंद फोटो काढायचा, त्यात खुराडंसुद्धा मैदान दिसायचं. सर त्याच्या फोटोकडे बघायचे आणि नुसतं म्हणायचे, "चौथा पाय."

आणि लोक यायला लागले. सुरतेहून, पुण्याहून, कुठून कुठून. फोन करणारा विचारायचा, तो दोनदा मागे घ्यावा लागणारा फोटो कुठला हो, आमच्या गाड्या लहान आहेत, आम्हाला चालेल. भिवंडी आणि गोदाम हे दोन शब्द टाकून चित्रं उघडली की पहिल्या रांगेत आमचेच फोटो असायचे. दिनूशेठने ऑफिसात सरांना शाल-श्रीफळ दिलं. सरांनी नारळ कानाशी हलवून बघितला.

त्या दिवसांत एका गोदामात हमालांच्या संडासाला दार नव्हतं. सरांनी त्याचाही फोटो काढला, मागे लिहिलं, "कामगारांचा संडास, दार नाही." गोदामाचा मालक चिडून ऑफिसात आला. सर म्हणाले, "दार आहे का?" तो म्हणाला, "न्हाय." सर म्हणाले, "मग?" चौथ्या दिवशी दार लागलं. सर स्वतःच्या पैशाने रिक्षा करून गेले, दार दोनदा उघडून लावून बघितलं, नवा फोटो चढवायला लावला आणि लिहिलं, "दार बसवले. आतून कडी आहे." आम्ही त्यांची थट्टा करायचो, पण भिवंडीतल्या नारपोलीचे मुकादम आमच्याच साइटवरून गोदामं घ्यायला लागले. ते आपसात म्हणायचे, इन लोगों का फोटो झूठ नहीं बोलता. हे ऐकलं की सरांचा चेहरा खुलायचा. एवढा आनंद शाळेत कोणाचं चित्र स्पर्धेत आलं तेव्हाही मी त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता.

अंजूरकडे खाडीच्या अंगाला एक गोदाम होतं, दिनूशेठच्या मेहुण्याचं. पूर्वी ते सगळं खाजण, भरतीचं पाणी शिरणारी दलदल. भिंतीवर मांडीएवढ्या उंचीवर तपकिरी पट्टा चारी बाजूंनी गेलेला. सर त्याच गावचे, पाणी कुठल्या वर्षी कुठवर चढलं हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढला आणि लिहिलं, "भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण." ते गोदाम वर्षभर कोणी घेतलं नाही.

मग मेहुण्याने आतून रंग काढला. पांढराशुभ्र. दिनूशेठने सरांना नवा फोटो काढायला पाठवलं. सर गेले, चपला काढून फिरले, फोटो काढला, ऑफिसात येऊन मला वाक्य सांगितलं, "भिंती नव्याने रंगवलेल्या. रंगाखाली पाण्याची खूण आहे." मी ते टाइप करत होते तेवढ्यात दिनूशेठ माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याने वाचलं. आवाज चढवला नाही. हसत म्हणाला,

"सर, खूण दिसते का फोटोत?"

"नाही. रंगाच्या खाली आहे."

"दिसत न्हाय ना? मंग लिवता कशाला? तुम्हीच शिकवलंत आम्हाला. जो पाय दिसत न्हाय तो काढाचा न्हाय."

मी सरांकडे बघितलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर आलं होतं आणि ते खोडायचं कसं हे त्यांना सुचेना. जन्मभर ज्या नियमावर माणूस उभा राहतो तो कोणीतरी उचलून त्याच्याच पायात घातला तर तो काय करणार? सरांनी पेन्सिल काढली, परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "खोड ती दुसरी ओळ."

मी खोडली. आधीचा टेप लावलेला फोटो दिनूशेठने त्याच दिवशी काढून टाकायला लावला, तोही मी काढला. सरांची चूक झाली असं मी इथे लिहिते आहे, पण सरांना पेच पडला होता. मला कसलाच पेच नव्हता. मला खूण माहीत होती, रंग माहीत होता, आणि तोंड उघडलं नाही. नोकरी हवी होती, एवढंच कारण.

महिन्याभरात ते गोदाम लागलं. घेणारा इक्बालभाई, नारपोलीचा. त्याचे थोडे लूम, म्हणजे यंत्रमाग होते. गाळा लहान, म्हणून तयार कापडाचे तागे ठेवायला त्याला जागा हवी होती. सज्जन माणूस. गोदाम बघायला आला तेव्हा भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "माशाल्ला, एकदम साफ." सर तेव्हा हजर नव्हते. मी होते.

श्रावणात दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि त्यातच खाडीला मोठं उधाण आलं. पाणी सकाळी आत शिरलं. बातमी कळली तशी मी आणि सर ऑफिसच्या गाडीतून गेलो, शेवटचा पल्ला पाण्यातून चालत. सरांच्या खांद्याला पिशवी होती, त्यात कॅमेरा होता, पण तो त्यांनी काढला नाही. इक्बालभाई आणि त्याचे चार कारागीर भिजलेले तागे ओढत होते. कोरं कापड पाणी पिऊन इतकं जड होतं की एक तागा दोघांना उचलत नव्हता. पाणी बरोबर त्याच जागी होतं, मांडीशी.

मला वाटलं, हा आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इक्बालभाई सरांजवळ आला, त्याला ठाऊक होतं फोटो यांचे असतात, आणि समजावून सांगावं तसं म्हणाला,

"सरजी, मैंने चार साइट देखी थी. सब जगह गोदाम चकाचक. आपके यहाँ सब लिखा रहता है. इधर पानी आता है, इधर छत टपकती है, संडास को दरवाजा नहीं. तो मैं बोला, ये लोग छुपाते नहीं. इस गोदाम के नीचे पानी का कुछ नहीं लिखा था. तो मैं समझा, इधर नहीं आता."

आमच्या इतर फोटोंखाली खरं लिहिलेलं होतं, म्हणूनच हा माणूस इथे बुडाला होता. एखाद्या लबाड साइटवर तोच पांढरा फोटो असता तर त्याने शेजारीपाजारी चौकशी केली असती. सरांनी नावलौकिक मिळवला आणि दिनूशेठने तो एकदाच वापरला. सर वाकले, पाण्यात हात घालून एका ताग्याचं टोक धरलं आणि इक्बालभाईच्या बरोबर ओढायला लागले. संध्याकाळपर्यंत ओढत होते. त्यांचं वय सत्तरीला टेकलेलं.

गोष्ट इथे संपली असती तरी पुरेशी कडू होती. पण दिनूशेठचा पुतण्याही त्या दिवशी येऊन गेला होता. त्याने मोबाइलवर फोटो काढला होता, इक्बालभाई पाण्यात उभा, खांद्यावर भिजलेला तागा, चेहरा सरळ समोर. दिनूशेठने तो मला पाठवला आणि सांगितलं, हा चढव, आणि यावर बोट ठेवलं की आपल्या उंच जोत्याच्या गोदामांचं पान उघडलं पाहिजे. मी चढवला. मागे वाक्य लिहिलं, "भिवंडीत पाणी भरलेलं गोदाम, कापडाचे तागे भिजलेले." चांगलं वाक्य होतं. सरांकडूनच शिकले होते. लोक घाबरून 'भिवंडी गोदाम पाणी' असं शोधायला लागले की पहिला चेहरा इक्बालभाईचा दिसायचा. आमच्या साइटवर एवढी माणसं त्याआधी कधी आली नव्हती. दिनूशेठने सगळ्यांना पेढे दिले.

सर त्या पुरानंतर ऑफिसात आले नव्हते. सुनेच्या मोबाइलवर त्यांनी तो फोटो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आले. दिनूशेठ खुर्चीतून उठला. सर बसले नाहीत.

"हा फोटो काढून टाक, दिनू."

"सर, खरा हाय ना? पाणी दिसतंय, मानूस दिसतोय. खोटं काय लिवलंय?"

"मग पुरं लिही. हे गोदाम अंजूरचं, तुझ्या मेहुण्याचं. खूण आम्हाला माहीत होती. रंग लावला आणि आम्ही गप्प बसलो. हेही खरंच आहे."

"ते फोटोत कुठं दिसतंय, सर?"

यावेळी सर अडले नाहीत. म्हणाले, "मी चुकीचं शिकवलं तुम्हाला. मी बाकाबद्दल बोलत होतो. बाकावर बसणारा पडणार असेल तर पायाचं सांगायला पाहिजे, दिसो न दिसो. हे मला वर्गात सांगायला सुचलं नाही."

"सर, मी तुमचा मान ठेवतो," दिनूशेठ हात जोडून म्हणाला. एवढंच.

मग सर माझ्याकडे वळले. "मनीषा, तू लिहिशील?"

मी कीबोर्डकडे बघत बसले. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, उभ्यानेच मघाच्या त्या तीन ओळी लिहिल्या, गोदाम कोणाचं, खूण आणि रंग, खाली सही केली आणि गेले. दिनूशेठने तो कागद वाचला, नीट घडी घातली आणि खणात ठेवला. सरांचं अक्षर म्हणून फाडवेना त्याला. आजही तो त्याच खणात आहे, वर भाडेकरारांची चळत. माल बुडाला, कर्ज फिटेना, इक्बालभाईचे लूम भंगारात गेले. तो सध्या दुसऱ्याच्या कारखान्यात शिफ्टवर आहे, आणि फोटोत मात्र अजून पहिल्या रांगेत.

मला दिनूशेठचा राग येतो का? येतो. पण तो राग फार स्वस्त आहे, घरी गेल्यावर चहाबरोबर येणारा. सकाळी मी पुन्हा तिथेच जाते.

त्या गोदामाला पुढच्या उन्हाळ्यात परत रंग लागला. नवे फोटो पुतण्याने काढले, मैदानासारखे. वाक्यं मी लिहिली. लोक चित्र बघून यायला लागले, आणि येऊन परत जायला लागले. दिनूशेठला कळेना, गोदाम आवडतं आणि व्यवहार मोडतो कुठे. मग एकाने सांगितलं, वळणावर एक म्हातारा असतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे. मे महिना, भर दुपार. पुतण्या लग्नाला गेला होता म्हणून नाशिकच्या एका गिऱ्हाइकाला घेऊन मी रिक्षाने निघाले होते. शाळेच्या पुस्तकांचा व्यापारी, सगळ्या वाटेने सांगत होता की फोटो बघताक्षणी ठरवलं. अंजूरच्या अलीकडे, गोदामाकडे रस्ता वळतो तिथल्या मोरीच्या कठड्यावर तरे सर बसले होते. डोक्यावर रुमाल. रिक्षा दिसली तसे उठले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. फार वाळले होते. त्यांनी मला पाहिलं, पण बोलले त्या माणसाशी.

"गोदाम बघायला आलात? पांढऱ्या भिंतींचं?"

"हो. का हो?"

"पाणी येतं." त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात आडवा धरला. "इथवर. माल ठेवू नका. मीच त्याचा फोटो काढला होता."

त्या माणसाने एकदा त्यांच्या मळलेल्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कोण हो हे? तुम्ही ओळखता यांना?"

सर माझ्याकडे बघत होते. हात अजून मांडीवरच होता.

"नाही," मी म्हटलं. "गावातलं आहे कोणीतरी. बसलेलं असतं इथे."

सरांनी ते ऐकलं. हात खाली सोडला, रस्त्याच्या कडेला झाले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "जा रे बाबा."